दुखत नाही, म्हणून...

"अगं, काही नाही, उसाचं बुडखं लागलं नुसतं," आत्या फोनवर म्हणाली. मीही ते फारसं मनावर घेतलं नाही. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात पायाला लागणं रोजचंच. हळद दाबायची, फडकं बांधायचं आणि परत रानात!

महिन्याभराने गेले तर जखम तशीच. वर हळदीचा कडक पापुद्रा, खाली पू. "दुखत नाही, म्हणजे बरी होतेय की," आत्या म्हणे.

मैत्रिणींनो, इथेच आपण फसतो. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात. जखम कळत नाही आणि भरतही नाही. त्यात आत्याने बाजारातल्या एका पुडीवाल्याचं ऐकून साखरेच्या गोळ्या परस्पर बंद केलेल्या!

हळदीच्या गुणांबद्दल वाद नाही. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुने पुरावे मांडून ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. पण हळदीचा लेप सडलेलं मांस काढत नाही, की वाढलेली साखर सांभाळत नाही.

न्हावऱ्यावरून चौफुल्याची गाडी धरून आत्याला दौंडला तिच्या लेकीकडे नेलं. "इंग्रजी औषधं उष्ण पडतात," असं म्हणून ती आधी वैद्यांकडेच गेली. त्यांनी पाय पाहिला आणि लेप न लावताच म्हणाले, "आजच सर्जनकडे जा." सर्जननी मेलेलं मांस काढलं, इन्शुलिन आणि अँटिबायोटिक सुरू केली. एक बोट मात्र काढावं लागलं. आत्या त्या रात्री खूप रडली.

जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर वैद्य आणि सर्जन फोनवर बोलले. मग सर्जनच्या परवानगीने त्रिफळ्याच्या काढ्याने जखम धुणं आणि जात्यादी घृताची पट्टी सुरू झाली. अट एकच : दर आठवड्याला जखम दाखवायची, आणि पायावर भार द्यायचा नाही. तीन महिन्यांनी जखम भरली. श्रेय कुणाचं? घरात अजून वाद चालतो!

मला वैद्यांचं बोलणं आठवतं. सुश्रुताने जखमेचे साठ उपक्रम सांगितले, त्यात लेप आहेत तसं कापणं आणि शिवणंही आहे. म्हणजे शस्त्र परकं आणि लेप आपला, ही वाटणी आपणच केली. चीनमध्येही पारंपरिक आणि आधुनिक उपचार एकाच रुग्णालयात मिळतात. धोका दोन उपचारांत नसतो, तो एकाचं दुसऱ्यापासून लपवण्यात असतो.

म्हणून मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा. बधिर पाय गरम पाण्याने शेकू नका. छोटीशी जखम झाली तरी लगेच दाखवा, आणि कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

परवा दौंडला गेले होते. "बाई, घरात कसली चप्पल!" म्हणणारी आत्या आता स्वयंपाकघरातही मऊ चप्पल घालून वावरते. मला बघून म्हणाली, "तू अनवाणी का गं?"