वर्गाची भिंत कुणाची?

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत वर्गाच्या भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती. दसऱ्याला पाटीपूजन होई, तेव्हा आम्ही बौद्धवाड्यातली पोरे दाराशी उभी राहत असू. कुणी हाकलले नव्हते. पण ती भिंत आपली नाही, एवढे कळत होते. त्या कळण्याचा कायद्याच्या भाषेतला अर्थ मला पुढे अमेरिकेतील एका खटल्यात सापडला.

अमेरिकन घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची. शासनाने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये व कुणाच्या धर्माचरणाच्या आड येऊ नये, असे ती सांगते. धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत म्हणतात ती हीच. तरीही १९७८ साली केंटकी राज्याने सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञांचा तक्ता लावण्याचा कायदा केला. पैसा देणग्यांचा होता. या आज्ञा कायद्याचा पाया आहेत, असा खुलासाही तक्त्याखाली बारीक अक्षरांत होता. १९८० साली 'स्टोन विरुद्ध ग्रॅहम' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

'चोरी करू नको' याला कोण विरोध करील? पण आरंभीच्या आज्ञा एकाच ईश्वराला मानण्याच्या आहेत. न्यायालयाचे म्हणणे असे की, खुलासा छापल्याने हेतू बदलत नाही. आणि तक्ता देणगीचा असला तरी त्यामागे अधिकार सरकारचा असतो. इतिहास किंवा धर्मांचा तौलनिक अभ्यास म्हणून बायबल शिकवायला मात्र मनाई नाही. शिकवणे वेगळे, मान झुकवायला लावणे वेगळे.

ही लढाई तिथे थांबली नाही. ज्या कसोटीवर तो निकाल उभा होता, ती कसोटी २०२२ साली त्याच न्यायालयाने बाजूला सारली. २०२४ साली लुइझियानाने आणि २०२५ साली टेक्सस व अर्कान्सास यांनी पुन्हा असेच कायदे केले. पालकांनी त्यांना न्यायालयात आव्हान दिले.

आपल्या घटनेचे कलम २८ सांगते की, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येणार नाही. सरकारमान्य वा अनुदानित संस्थेतही धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. भिंतीवरच्या तसबिरीविषयी मात्र या कलमात शब्द नाही. आपल्या शाळांतली पूजा याच फटीतून आत येते आणि 'ही तर संस्कृती' म्हणून टिकते. केंटकीच्या तक्त्याखालचा खुलासा याच जातीचा होता.

आता थोडे आपल्याविषयी. मी आज शिक्षक आहे. तसबीर उतरवून तिथे बुद्धमूर्ती ठेवावी, रोज वंदना घ्यावी, असे काही मित्रांनी सुचवले. मी नको म्हणालो. बुद्ध आणि त्यांचा विचार मी वर्गात शिकवीन, मन लावून शिकवीन. पण वंदना सुरू झाली की दाराशी पुन्हा एक पोर उभे राहील. ते आपले नसेल, एवढाच फरक.