साक्ष देण्याची घाई

बदलापूर गावात घरातलं कुणी रात्र-रात्र जागू लागलं, भिंतीशी बोलू लागलं, की आधी भगत गाठला जातो. मग दर्गा. हल्ली कुणी नातेवाईक अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या चंगाई सभेचं, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करू पाहणाऱ्या ख्रिस्ती सभेचंही नाव सुचवतो. मानसोपचारतज्ज्ञाची पाळी शेवटी. ही गत सगळ्याच धर्मांची आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले होते. इथे मात्र चंगाईबद्दलच बोलू, कारण तिच्याबद्दल मानणाऱ्यांचे आणि न मानणाऱ्यांचे, दोघांचेही गैरसमज पक्के आहेत.

“पास्टरांनी हात ठेवला, गोळ्या सोडल्या आणि पोरगा बरा झाला. आम्ही डोळ्यांनी पाहिलं.”

पाहिलं हे खरंच असतं, म्हणून तर हा गैरसमज सर्वांत घातक. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी अनेकांना सुस्ती येते, अंग ताठरतं, चेहरा मख्ख होतो. गोळ्या बंद केल्या की आधी हे दुष्परिणाम ओसरतात. आजार लगेच उलटत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे मुलगा खरोखर तरतरीत दिसतो, हसतो, जेवतो. नेमकं याच आठवड्यांत त्याला माइकसमोर उभं करून साक्ष द्यायला लावतात. आजार परततो तो पुढे काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, आणि तेव्हा समोर सभा नसते, घरचेच असतात. ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी साधारण वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला. औषध थांबवलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. म्हणजे काही जण गोळ्यांविनाही वर्षभर ठीक राहतात. साक्ष त्यांचीच ऐकू येते. बाकीच्यांना कुणी परत व्यासपीठावर बोलावत नाही.

बायपोलर आजारात तर उन्मादाचा झटका काही काळाने आपसूकही उतरतो. माणसाला सभेत नेतात ते झटका शिगेला असताना. त्यानंतर उतार पडला की श्रेय कुणाला, हे सांगायला नको.

“अंगात अशुद्ध आत्मा आहे, हे चर्चच सांगतं.”

कुठलं चर्च, ते विचारावं. कॅथलिक चर्चच्या नियमांनुसार बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणालाही भूतबाधा काढण्याचा विधी करता येत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात तर स्पष्ट म्हटलं आहे की आजार, विशेषतः मनाचा आजार, ही निराळी बाब असून त्याचे उपचार वैद्यकशास्त्राचं काम आहे. स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळ्यांवर असा वरून अंकुश नसतो. तिथे सगळं त्या त्या पास्टरांच्या समजुतीवर चालतं.

आणि जे बाधेसारखं दिसतं, ते काय असू शकतं? माणूस तासन्‌तास एकाच अवस्थेत थिजतो, बोलत नाही, खात नाही, हात वर केला तर तसाच राहतो. याला कॅटाटोनिया म्हणतात. लोराझेपामच्या इंजेक्शनने असा रुग्ण पुष्कळदा काही तासांत बोलू लागतो. चमत्कार म्हणावा तर हा.

“डॉक्टरकडे गेलो म्हणजे विश्वास कमी पडला.”

शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असं परंपरा मानते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केलं आणि रुग्णासोबत कुटुंबालाही राहायला घेतलं. ही माणसं काही कमी श्रद्धेची नव्हती.

“प्रार्थनेने काडीचाही फरक पडत नाही.”

हा गैरसमज आमच्यासारख्या न मानणाऱ्यांचा. तमिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांची पाहणी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. पाच-सहा आठवड्यांच्या मुक्कामात, औषधांविना, त्यांची लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी उतरली होती. अभ्यासकांनी श्रेय दिलं ते तिथल्या आधार देणाऱ्या, धाक नसलेल्या वातावरणाला. पाहणी लहान आहे, तिच्यात तुलनेचा गटही नाही. तरी हिणवणारं कुणी नसणं, नावाने हाक मारणारे लोक असणं, याने माणूस सावरतो हे नाकारून कसं चालेल?

“जादूटोणाविरोधी कायद्याने प्रार्थनेवर बंदी आली.”

नाही. २०१३ च्या राज्याच्या कायद्यातून उपासना स्पष्टपणे वगळली आहे. गुन्हा ठरतो तो भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही बंदी आहे, मग बांधणारे घरचे का असेनात.

बदलापूरहून लोकलने ठाणं गाठलं की १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. “येड्यांचं हॉस्पिटल” म्हणून लोक बिचकतात, पण तिथे भरती न होता बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी परतता येतं. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फोन पास्टरांनी केला तरी चालतो.