सौदा दिल्लीत, काटा भोकरदनला

पहाटे ५

पिकअप रात्रीच भरून ठेवली होती. ताडपत्री दवानं ओली लागली, पण कोपरापर्यंत हात आत घातला तर कापूस कोरडा. जीव भांड्यात पडला. डिसेंबरात ऊन चढल्याशिवाय आम्ही वेचणीला हात लावत नाही, नाही तर दव कापसाबरोबर घरात येतं. सरकारी खरेदीचं सगळं गणित ओलाव्यावर चालतं. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि बाराच्या वर गेला की गाडी परत.

आज ५ डिसेंबर २०२५, शुक्रवार. 'कपास किसान' अ‍ॅपवर आजची तारीख मिळाली आहे. सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक अशी कागदं बायकोनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डवर ठेवली. सप्टेंबरच्या पावसात खालची बोंडं सडली, पहिल्या वेचणीचा माल पिवळा पडला. गाडीतला हा पंधरा क्विंटल दुसऱ्या वेचणीचा आहे, यंदाचा आमचा सगळ्यात चांगला कापूस.

सकाळी ७

भोकरदनच्या रस्त्याला लागलो. मधल्या एका गावात वेशीवर व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीचा काटा लागलेला आणि पाच-सहा घरची गठोडी ओळीनं मांडलेली. भाव सात हजारांच्या आसपास. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० असताना लोक इथे का विकतात, हे शहरातल्या माणसाला कळत नाही. वेचणीवाल्यांची मजुरी दर आठवड्याला रोख द्यावी लागते. ज्याची जमीन बटाईची, त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. हमीभाव आहे, पण तिथवर पोचायला कागद, गाडीभाडं आणि थांबण्याची ऐपत लागते.

सकाळी ८.३०

सरकारी खरेदी चालते त्या जिनिंगच्या फाटकाबाहेर रांग लागलेली. चहाच्या टपरीवर टीव्ही चालू. चहा देणाऱ्या पोराच्या बोटावर अजून मंगळवारच्या मतदानाची शाई होती. नगरपरिषदांचे निकाल २१ तारखेवर गेल्यानं एरवी तीच चर्चा झाली असती, पण आज पडद्यावर रशियाचे अध्यक्ष पुतिन होते. काल संध्याकाळी ते दिल्लीत उतरले, पंतप्रधान स्वतः विमानतळावर गेले.

"ह्याचा आपल्या कापसाशी काय संबंध, भाऊ?" शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं. त्याला सांगितलं ते इथेही लिहितो, कारण आमच्या रांगेतल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

अमेरिकेनं ७ ऑगस्टपासून भारताच्या मालावर २५ टक्के जादा कर लावला. रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. कपडे, टॉवेल, चादरी अमेरिकेला पाठवणारे कारखाने त्यात सापडले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्रानं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आमची वेचणी नेमकी याच महिन्यांत. रशियाशी मैत्री देशानं राखली आणि तेल देशानं घेतलं, पण त्याच्या किमतीतला एक हिस्सा सात हजारांच्या भावातून आम्ही भरतो आहोत. रशियाचं तेल घ्यायला माझा विरोध नाही. कुणाकडून काय घ्यायचं हे देशानं स्वतः ठरवावं, याच मताचा मी आहे. पण देशाचा खर्च देशानं मिळून सोसला पाहिजे.

७ ऑगस्टलाच, दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत, शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं पंतप्रधान म्हणाले होते. आमच्या पारावर ते भाषण मोबाइलवर सगळ्यांनी ऐकलं, टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. बारा दिवसांत शुल्क गेलं. दूध, गहू, मका यांच्या बाबतीत सरकार अमेरिकेशी वाटाघाटीत ठाम उभं राहिलं, हेही खरं आहे. कापूस मात्र त्या यादीबाहेर राहिला.

सकाळी ११

रांग हलत नाही. रुपया परवा डॉलरला नव्वदच्या पार गेला. त्यामुळे बाहेरची गाठ थोडी महाग पडेल आणि शुल्कमाफीचा मार थोडा बोथट होईल, असा एका व्यापाऱ्याचा हिशेब. खरा असेलही. पण ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलियात हजारो एकरांची शेतं यंत्रानं वेचतात. आमच्याकडे बोंड न् बोंड बाईच्या हातानं निघतं.

भोकरदनला परदेशाचा व्यापार नवा नाही. हे जुनं भोगवर्धन, उज्जैन-पैठण वाटेवरचं गाव. इथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर आहेत. केळणा नदीकाठच्या पांढरीत १९७३ला नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा निघाला. तशीच मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली होती. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाचं रोमशी नातं होतं. शाळेतल्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो. आमचा भाग जगापासून दूर आहे, असं त्यांना कधी वाटू नये.

दुपारी १.३०

नंबर लागला. ग्रेडरनं गाडीच्या चार ठिकाणांहून मूठमूठ कापूस काढला. एक पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून हळू ओढला, तुटलेले धागे काळ्या बाहीवर समांतर ठेवून लांबी पाहिली, कवडी आणि पाला बोटानं बाजूला केला. मग यंत्राची सळई खुपसली. नऊ, अकरा, दहा, दहा. सरासरी दहा. म्हणजे दोन टक्के कपात, क्विंटलला १६२ रुपये. धागा लांब निघाला म्हणून उरलेला पूर्ण भाव मिळाला. सात हजारांच्या हिशेबानं पाहिलं तर या एका गाडीला चौदा हजारांचा फरक. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतील.

माझ्या मागच्या गाडीचा ओलावा चौदा निघाला. म्हातारा गृहस्थ, बरोबर नात. त्यानं दोन दिवस वाळवला होता, पण घरात जागा नाही आणि अंगणात दव. ग्रेडरनं नियमाप्रमाणं मान हलवली. म्हाताऱ्यानं गाडी वळवली आणि शेजारच्या खासगी काट्यावर लावली. तिथे ६,९०० ठरले. त्याच्या कापसात माझ्या कापसापेक्षा पाणी जास्त होतं आणि घरी खोली एक कमी.

दुपारी ४

काट्यावरून कृषी सेवा केंद्रात. हरभरा उगवला आहे, गव्हाला युरिया लागेल. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपीची ५० किलोची १,३५०. डीएपी कमीच आलं आहे. चीननं निर्यात आवळली की भोकरदनच्या दुकानातली थप्पी बुटकी होते. जुलैत सौदी अरबस्तानशी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार झाला. दिल्लीतल्या आजच्या बातम्यांत रशियात युरियाचा कारखाना काढायचा करार आहे, आपल्या आरसीएफसारख्या खत कंपन्या त्यात आहेत. हे चांगलं काम आहे. खताचा जगातला भाव कितीही चढला तरी माझ्या गोणीवर तो सगळा येत नाही, सरकार अनुदानातून तो उचलतं. कापसाला हीच रीत लावा, एवढंच माझं मागणं आहे. अमेरिकेच्या कराचा भार तिजोरीवर घ्या, वेचणीच्या तोंडावर आमचा भाव पाडू नका.

रात्री ८.३०

बहिणीच्या घरी फोन लावला. दाजी सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात. सोलापूरचे टॉवेल अमेरिका-युरोपला जातात. ऑगस्टनंतर त्यांच्याकडे एक पाळी बंद झाली.

"दाजी, शुल्क काढल्यानं तुमचं तरी भलं झालं का?"

"सूत थोडं उतरलं. पण पाकिस्तानला १९ टक्के, बांगलादेश-व्हिएतनामला २० आणि आपल्याला ५०. सुतात दोन-चार रुपये वाचवून ही दरी भरते व्हय? ऑर्डरच नाय तर स्वस्त सुताचं काय करायचं?"

मी काही बोललो नाही. आमच्याच घरात एक जण कापूस पिकवतो, दुसरा त्याचा टॉवेल विणतो. खुल्या बाजारात कापसाला क्विंटलमागे हजार कमी आले आणि त्यांची पाळी उघडली नाही. गेल्याच महिन्यात केंद्रानं निर्यातीच्या मदतीसाठी २५,०६० कोटींचं मिशन मंजूर केलं. स्वस्त कर्ज, बाजार शोधायला मदत. दाजींच्या कारखान्याला वाचवायचा तो रस्ता. ब्रिटनशी जुलैत झालेला व्यापार करार लवकर अमलात आला तर कपड्यावरचं तिथलं शुल्क जाईल, तो दुसरा. या दोन्हीत माझ्या कापसाचा भाव पाडावा लागत नाही.

रात्री १०

माजघरात अजून सहा क्विंटल कापूस आहे. पोरांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून त्यांना ओसरीत झोपवलं. बायको म्हणाली, "एकतीसला माफी संपतीया ना? संक्रांतीपर्यंत ठेवू." माझी शंका अशी की गिरण्यांनी चार महिने बिनशुल्काच्या गाठी भरून ठेवल्या असतील, जानेवारीत भाव उठला तरी किती उठणार? पण ती म्हणते ते बरोबर. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर आहे, तोवर हात दाबून राहता येईल.

संसदेचं अधिवेशन १९ तारखेपर्यंत आहे. झोपायच्या आधी खासदारांना मेसेज टाकला: कापसाचं आयातशुल्क सप्टेंबर ते मार्च बदलू नका. बदलायचंच असेल तर मेमध्ये, बियाण्याची पिशवी फोडायच्या आधी सांगा, म्हणजे कापूस लावायचा की मका हे आम्हाला ठरवता येईल. आणि बारा टक्क्यांच्या वरचा कापूस परत न पाठवता कपात करून घ्या. तोच मेसेज गावच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी आपापल्या नावानं पाठवावा म्हणून.

पहाटे तीनला उठायचंय. या आठवड्यात विहिरीची थ्री-फेज रात्रीची आहे.