मनगटाचे प्लास्टर आणि गळ्यात अडकवलेला हात

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीच्या हंगामात धुऱ्यावरून घसरून किंवा दुचाकीवरून पडून माणूस पसरलेल्या तळहातावर आदळतो, तेव्हा बहुधा मोडते ते मनगटालगतचे, अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड. या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी ८१ वर्षे, करून ठेवले आहे. उपचारही बहुतांशी ठरलेला आहे: हाड जागेवर बसवून साधारण पाच-सहा आठवडे प्लास्टर, आणि हाड फार सरकले असेल तर शस्त्रक्रिया.

मात्र 'हाड जुळेपर्यंत हात मुळीच हलवायचा नाही' हा समज इतका रुजलेला आहे की रुग्ण हात गळ्यातल्या झोळीत अडकवून दीड महिना बसून राहतो, बोटेही वळवत नाही, आणि घरचे लोक त्यालाच काळजी घेणे म्हणतात. प्लास्टर मनगटासाठी असते. बोटे, अंगठा, कोपर आणि खांदा यांना त्याने बांधलेले नसते. स्नायूंची हालचाल थांबली की हाताच्या पंज्यात साचलेला द्रव वर सरकत नाही, सूज टिकते, त्या सुजेत स्नायुबंध आणि सांध्यांची आवरणे चिकटून आखडतात, आणि शेवटी हाड उत्तम जुळलेले असूनही मूठ वळत नाही. मोडले मनगट, पण कायमचा अधू झाला खांदा, असेही घडते, आणि हे नुकसान टाळता येण्याजोगे असते. म्हणून डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास पहिल्याच दिवसापासून, हात हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवून, बोटे पूर्ण उघडावीत, पूर्ण मिटावीत, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावावा आणि दिवसातून अनेकदा हात झोळीतून काढून डोक्यावर न्यावा.

प्लास्टर निघाल्यावर याउलट घाई होते. मालिशवाल्याकडून मनगट ओढून 'मोकळे' करून घेतल्याने सूज व वेदना वाढतात. सांधा खुलतो तो थोड्या पण वारंवार ताणाने. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग टेबलावर टेकवून, पंजा कडेबाहेर ठेवून तो वर-खाली आणि डावी-उजवीकडे न्यावा; कोपर बरगडीला लावून तळहात आभाळाकडे व जमिनीकडे फिरवावा; आणि सांधा थोडा सैल झाल्यावर नमस्काराच्या स्थितीत हात जोडून कोपरे हळूहळू वर उचलावीत. चेंडू दाबण्याने पकड सुधारते, मनगट वाकत नाही, तरीही तोच एक व्यायाम सर्वत्र सांगितला जातो! वजन उचलणे हाड पक्के जुळल्याची खात्री झाल्यावरच.

निरोगी मनगट दोन्ही दिशांना साधारण ७० ते ८० अंश वाकते, परंतु तेवढे सगळे परत आलेच पाहिजे असे नाही. कार्यात्मक हालचाल, म्हणजे रोजच्या कामांना पुरेल एवढी हालचाल, पामर व सहकाऱ्यांच्या १९८५ मधील अभ्यासात आत ५ व मागे ३० अंश, तर रियू व सहकाऱ्यांच्या १९९१ मधील अभ्यासात दोन्हीकडे ४० अंश आढळली. जमिनीवर तळहात टेकून उठणाऱ्याला मात्र मागे वाकण्याची क्षमता याहून बरीच अधिक लागते, त्यामुळे खाली बसून स्वयंपाक करणाऱ्या किंवा निंदणाला जाणाऱ्या स्त्रीने तेवढ्यावर समाधान मानू नये.

यंत्रांशिवाय फिजिओथेरपी होत नाही, त्यासाठी अकोल्याच्या फेऱ्या माराव्याच लागतात, हेही खरे नाही. २६ चाचण्यांचा धांडोळा घेणाऱ्या २०१५ च्या कोक्रेन आढाव्याला उपचारांच्या अनेक पद्धतींपैकी एकीलाही ठामपणे सरस ठरवता आले नाही; साध्या अस्थिभंगात नीट शिकवलेले व्यायाम घरी नियमित करणे दुय्यम मानण्याचे कारण नाही. प्लास्टर निघाल्यावर किंचित दुखणे म्हणजे हाड पुन्हा मोडणे नव्हे. आणि घरकाम म्हणजेच व्यायाम हेही चूक, कारण दुखरा हात कामात नकळत वाचवलाच जातो.

तीन प्रसंगी मात्र व्यायाम थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे: प्लास्टरमध्ये बोटे निळी किंवा बधिर पडल्यास, हाताची आग होऊन त्वचेचा रंग बदलल्यास, आणि अंगठा अचानक वर उचलता येईनासा झाल्यास, कारण हाड फारसे न सरकलेल्या रुग्णातही अंगठ्याचा स्नायुबंध काही आठवड्यांनी तुटू शकतो आणि तो कोणत्याही व्यायामाने जुळत नाही.