घरांतील चित्रपेटी

संसारांत कोणतीहि नवी वस्तु आणण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावेत, असें आमचे वडील सांगत. ही वस्तु कोणासाठीं आणावयाची? आणि ती बिघडली तर कोणाकडे न्यावयाची? पितळी घंगाळापासून शिवणयंत्रापर्यंत हे दोन प्रश्न आमच्या घराला पुरले. परंतु गेल्या वर्षीं आम्हीं त्यांतील पहिलाहि विचारला नाहीं आणि दुसराहि नाहीं. त्याचें प्रायश्चित्त अठराशें रुपयांस पडलें, आणि पैशापेक्षांहि अधिक असें कांहीं गमावण्याची वेळ आली. तो अनुभव व त्यांतून झालेलें थोडेंसें ज्ञान वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

जुन्नरांतील आमचें घर जुनें, भिंती दगडमातीच्या व दीड हात जाडीच्या. चार पिढ्यांचीं मिळून तेरा माणसें एका छपराखालीं नांदतात. माजघरांत एक टीव्ही आहे. तो बारा वर्षांचा जुना असला तरी त्याचें चित्र अद्याप स्वच्छ दिसतें. उणीव एवढीच कीं, हल्लींच्या टीव्हींप्रमाणें त्याला इंटरनेटशीं संधान बांधतां येत नाहीं. चांगली चालती वस्तु टाकून पंचवीस-तीस हजारांचा नवा टीव्ही आणणें आमच्या मनाला पटेना. तेव्हां त्यालाच एखादी लहानशी पेटी जोडावी, असें ठरलें. दुकानदार हिला अँड्रॉइड बॉक्स म्हणतात; अंगठ्याएवढी असली तर स्टिक म्हणतात. वस्तुतः हा एक छोटासा संगणकच असतो. इंटरनेटवरून किंवा जवळच्या डिस्कवरून आलेली चित्राची माहिती तो उलगडतो आणि एचडीएमआय नांवाच्या तारेनें टीव्हीकडे पाठवितो.

दूरचें चित्र घरांत आणण्याची विद्या आमच्या तालुक्याला परकी नाहीं. नारायणगांवाजवळ आर्वी येथें 1971 सालीं देशांतील पहिलें व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालें आणि त्यास विक्रम साराभाईंचें नांव देण्यांत आलें. तेथील तबकडीचा व्यास जवळ जवळ 30 मीटर होता. मुंबईचें दूरदर्शन केंद्र त्यानंतर, म्हणजे 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें. पुढें खोडद येथें 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महादुर्बीण उभी राहिली. तिला मात्र मनुष्यांच्या नाटकांत रस नाहीं, ती आकाशस्थ ज्योतींच्या रेडिओलहरी ऐकते. अशा भागांत राहणाऱ्या आम्हां लोकांना हातावर मावणारी एक पेटी नीट निवडतां येऊं नये, ही लाजिरवाणीच गोष्ट म्हणावयाची.

आतां प्रसंग सांगतों. आमच्या मातोश्री सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचें माहेर जुन्या आंबेगांवांत. आज आंबेगांव हें नांव तालुक्याला आहे, कचेऱ्या घोडेगांवीं आहेत, आणि ज्या गांवावरून तालुक्याला नांव पडलें तें गांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे. धरणाचें पाणी शेतें भिजवितें, त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे. परंतु ज्यांचीं अंगणें बुडालीं त्यांचा हिशेब निराळा असतो. गांव उठण्यापूर्वीं आमच्या मामांनीं मंचरहून एक व्हिडिओवाला बोलावून शेवटच्या उत्सवाचें चित्रण करून ठेविलें होतें. मंदिर, पेठ, नदीचा घाट, माहेरचा वाडा, पंगत, सारें त्या एका टेपेंत होतें. मामा वारले, टेप आमच्या कपाटांत तीस वर्षें पडून राहिली. जुन्नरच्या पावसाळ्यांनीं तिला बुरशी धरली होती. पुण्याच्या एका कारागिरानें ती साफ करून तिचें चित्र डिस्कवर उतरवून दिलें. एक तास चाळीस मिनिटांचें तें चित्रण होतें.

इकडे धाकट्या बंधूंनीं शहरांतील एका रस्त्यावरच्या दुकानांतून अठराशें रुपयांची एक निनांवी पेटी आणली. "दादा, हिच्यावर सगळे चित्रपट फुकट दिसतात, वर्गणी म्हणून द्यावी लागत नाहीं," असें ते मोठ्या अभिमानानें म्हणाले. फुकट या शब्दाशीं मीं तेव्हांच थांबावयास हवें होतें. पण थांबलों नाहीं.

संध्याकाळीं दिवेलागणीनंतर सारें घर जमलें. आईंना पुढें खुर्चीवर बसविलें. चित्र सुरू झालें तें अडखळतच. माणूस चालूं लागला कीं त्याच्या कडांना फणीच्या दांतांसारख्या आडव्या रेघा दिसत. आवाज पुढें आणि ओठ मागें. शिवाय सगळे चेहरे आडवे ताणलेले, फुगलेले. वाड्याच्या पायरीवर एक गृहस्थ उभे होते. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हा कोण रे एवढा जाडा? आमच्या दारांत काय करतो?" ते तिचे सख्खे वडील बंधु होते. मीं तसें सांगितलें. तिनें मान हलविली. "अण्णा असा नव्हता," एवढें बोलून ती उठली आणि आंत निघून गेली. हल्लीं तिची स्मृति कधीं कधीं दगा देते. त्यामुळें चूक तिची कीं पेटीची, हें त्या रात्रीं आम्हांपैकीं कोणालाच कळेना. मला झोंप लागली नाहीं. असलेली एक आठवणहि या पेटीनें पुसून टाकली कीं काय, अशी रुखरुख लागून राहिली.

चूक पेटीची आणि आमची होती. पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा आमचा नातू सुट्टींत आला, तेव्हां त्यानें एकेक गोष्ट उलगडून दाखविली. "आजोबा, तुम्ही व्याकरण शिकवितांना आधीं पदच्छेद करावयास सांगत होतां, तसाच हिचाहि करूं," असें तो म्हणाला. त्याच्या पदच्छेदाचें सार पुढें देतों.

पहिला विचार चित्राच्या आकाराचा. जुन्या टेपेवरील चित्र चारास तीन या प्रमाणाचें असतें. आजचा टीव्ही सोळास नऊ या प्रमाणाचा. पेटी किंवा टीव्ही तें चित्र ताणून पडदा भरून टाकतो, म्हणून कृश माणूस लठ्ठ दिसतो. सेटिंगमध्यें मूळ प्रमाण ठेवलें कीं दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात, पण माणूस माणसासारखा दिसतो. फणीच्या दांतांचें कारणहि असेंच आहे. टेपेवर सेकंदास पन्नास अर्धचित्रें असतात, एकांत विषम ओळी व दुसऱ्यांत सम. तीं जुळवून घेण्याची सोय पेटींत नसेल तर रेघा दिसतात. फाइल बनवितांनाच हें काम करून घेतलें म्हणजे पेटीवर भार राहत नाहीं.

दुसरा विचार फाइलीच्या घडणीचा. आमच्या कारागिरानें दिलेली फाइल डीव्ही प्रकारची, म्हणजे तासास सुमारें 13 जीबी अशा मापाची होती. ती जपून ठेवण्यास उत्तम, पण स्वस्त पेटीला पेलत नाहीं. नातवानें तिचीच एक प्रत एच-264 या पद्धतीनें केली. ती दोन जीबीहूनहि लहान झाली. ही पद्धति 2003 पासूनची असून आजची जवळ जवळ प्रत्येक पेटी ती सहज वाचते. 2013 ची एच-265 पद्धति तेवढ्याच गुणाच्या चित्रास सुमारें निम्मी जागा घेते, म्हणून नवी पेटी घेतांना तीहि चालते कीं नाहीं हें विचारावें. पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीनें मांडलेला असेल तर त्यावर चार जीबीहून मोठी एकच फाइल ठेवतांच येत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

तिसरा विचार विजेचा व छिद्रांचा. स्टिक दिसावयास सुबक, पण पुष्कळ स्टिकांना पेनड्राइव्ह लावण्याची वेगळी जागा नसते. ज्यांना केवळ इंटरनेटवरील कार्यक्रम पाहावयाचे असतील त्यांना ती पुरे. घरचीं चित्रणें पाहणाऱ्यांनीं यूएसबीचें छिद्र असलेली पेटीच घ्यावी. तसेंच स्टिकेला टीव्हीच्याच यूएसबींतून वीज देण्याचा मोह टाळावा. जुन्या टीव्हीची ती जागा बहुधा अर्धा अँपियरच वीज देते. तेवढी न पुरल्यानें यंत्र पुन्हां पुन्हां बंद पडून चालू होतें, आणि आपण दोष कंपनीला देतों.

चौथा विचार इंटरनेटचा. मध्यम प्रतीचें चित्र सेकंदास अडीच मेगाबिट वेगानें आलें तरी तासाला सुमारें 1.1 जीबी खर्च होतो. दिवसाला दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइलवर ही चैन दोन तासहि टिकत नाहीं. तालुक्याच्या पश्चिमेस डोंगराच्या कुशींत तर मोबाइलचा संकेत मिळणेंच कठीण. तेथील मंडळींनीं पेनड्राइव्हवर भर द्यावा हें बरें. आमच्यासारख्या जाड भिंतींच्या घरांत वाय-फायची पांच गिगाहर्ट्झची लहर भिंतींत अडते, 2.4 गिगाहर्ट्झची अधिक आंत पोंचते. आणि सर्वांत भरंवशाची ती साधी तार. म्हणून तार लावण्याची जागा असलेली पेटी आम्हीं पसंत केली.

पांचवा विचार विश्वासाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. जून 2025 मध्यें अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेनें जाहीर इशारा दिला कीं, निनांवी स्वस्त पेट्यांपैकीं पुष्कळांत कारखान्यांतूनच किंवा पुढें ॲप घालतांना दुष्ट प्रोग्राम शिरलेले असतात; ते घराचें इंटरनेट परक्यांच्या गुन्ह्यांसाठीं वापरूं देतात. सगळे चित्रपट फुकट दाखविण्याचें आमिष हें अशा पेट्यांचें एक लक्षण म्हणून त्यांत सांगितलें होतें. आमची पेटी तशीच होती असें मी म्हणत नाहीं. पण ज्या इंटरनेटवर घराचा बँकेचा व्यवहार चालतो त्यावर अशी शंकास्पद वस्तु ठेवणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय जो चित्रपट कष्टानें कोणीतरी काढला तो मोबदला न देतां पाहणें ही चोरीच होय. ज्या घरांत मुलांना दुसऱ्याच्या झाडाचा आंबा तोडूं नको म्हणून शिकवितात, त्या घराच्या माजघरांत ही चोरी कशी बसावी? तेव्हां गुगलच्या अँड्रॉइड टीव्हीचा अधिकृत परवाना असलेली, कंपनीचें नांव व हमीपत्र असलेली पेटीच घ्यावी.

सहावा विचार रिमोटाचा. आठ वर्षांच्या मुलास सगळेंच जमतें. परीक्षा सत्त्याऐंशी वर्षांच्या हाताची. कळा थोड्या, ठळक आणि आवाजाची कळ वेगळी असावी. दुकानांतच घरांतील वडील माणसाच्या हातीं रिमोट देऊन पाहावा.

राहिला वडिलांचा दुसरा प्रश्न, बिघडल्यास कोणाकडे न्यावयाची? मोठें नांव ही कायमची हमी नव्हे. गुगलनें 2013 सालीं काढलेलें क्रोमकास्ट घरोघर गेलें, आणि 2024 सालीं त्याचें उत्पादन थांबलें. म्हणून पेटी मोडली तरी आपलीं चित्रणें तिच्यांत अडकून राहूं नयेत. तीं दोन वेगळ्या डिस्कवर, शक्य तर दोन वेगळ्या घरांत ठेवावींत. पेटी ही केवळ खिडकी आहे. धान्याचें कोठार निराळें असावें.

अखेर आम्हीं साडेचार हजारांची एक साधी पेटी घेतली. बंधूंनीं आपली अठराशेंची पेटी स्वतःच काढून ठेविली. त्यांना कोणी एक शब्दहि बोललें नाहीं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळीं पुन्हां सारें घर जमलें. आई यावयास तयार नव्हती. सूनबाईंनीं हात धरून आणली. चित्र सुरू झालें. पायरीवर तेच गृहस्थ, पण आतां उंच, सडपातळ, खांद्यावर उपरणें. आई पुढें झुकली. "अण्णा," ती म्हणाली. मग ती थांबेचना. हा घाट, हें अमक्याचें दुकान, या विहिरीचें पाणी गोड, ही पंगतींत वाढणारी माझी वहिनी. स्वयंपाकघराच्या दाराशीं एक तरुण स्त्री पदर सांवरीत क्षणभर दिसली. तिला कोणीच ओळखलें नाहीं. आईनेंच सांगितलें, "ती मी." नातसुनेनें वही आणली आणि आई सांगेल तसतशीं नांवें लिहून घेतलीं. त्या रात्रीं वहीचीं अकरा पानें भरलीं. ज्या गांवावरून आज पाणी वाहतें, त्याच्या आळ्या व घरें आतां आमच्या घरांत कागदावर आहेत. तशा दुसऱ्या संध्याकाळीं किती मिळतील, हें सांगतां येत नाहीं.

वाचकांना शेवटची विनंती हीच. पेटी पुढच्या महिन्यांत घेतली तरी चालेल; कपाटांतील टेपा मात्र आजच काढाव्यात. टेप चालविणारीं यंत्रें बनविण्याचें काम 2016 सालीं जपानमधील शेवटच्या कंपनीनेंहि बंद केलें. जुनीं यंत्रें व तीं दुरुस्त करणारे हात दरसाल कमी होत आहेत. मुंजीची, लग्नाची, सहस्रचंद्रदर्शनाची जी टेप असेल ती उतरवून घ्यावी, आणि जीं माणसें तींतील चेहरे ओळखतात त्यांना शेजारीं बसवून, वही घेऊन, ती एकदां तरी पाहावी.