उधाणाला वादळ गाठते तेव्हा

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. रत्नागिरी जिल्ह्यातले केळशी गाव त्याहून दक्षिणेला, म्हणजे ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगाला. आपल्याकडे चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे उजव्या अंगाचा वारा समुद्रावरून येतो आणि पाणी किनाऱ्यावर लोटतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर फुगतो, पण खरा जोर वाऱ्याचाच.

हवामान खात्याने रत्नागिरी जिल्ह्यासाठी अर्धा ते एक मीटर पाणी चढण्याचा अंदाज दिला होता. इथेच बहुतेकांची गफलत होते. ही उंची नेहमीच्या भरतीच्या वर मोजायची असते! ५ जूनला पौर्णिमा होती, उधाण जवळच होते. तेवढेच पाणी ओहोटीला चढले तर पुळणीवर थांबते. भरतीला चढले तर खाडीतून शेतात शिरते. केळशीची वाळूची जुनी टेकडी आणि खाडीकाठची कांदळवने अशा वेळी आडोसा देतात, म्हणून त्यांना हात लावू नये.

कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढचा इशारा वाचताना वाऱ्याच्या वेगाशेजारी ही वेळही मांडून पाहा.