इंजिनियरीचा ओनामा

'तूं मोठेपणीं कोण होणार?' असें विचारलें असतां आपल्यापैकीं पुष्कळ विद्यार्थी 'इंजिनियर' असें उत्तर देतात. परंतु इंजिनियर नेमकें काय करतो, असें पुढें विचारलें तर बहुतेक जण घुटमळतात. कोणी म्हणतो मोटार दुरुस्त करणारा, कोणी म्हणतो इमारती बांधणारा, आणि कोणाच्या डोळ्यांपुढें मोठ्या पगाराचा साहेब तेवढा उभा राहतो. अमेरिकेंतील बोस्टन शहरच्या विज्ञान-संग्रहालयाच्या मंडळींनीं प्राथमिक शाळेंतील मुलांस हाच प्रश्न केला, तेव्हां त्यांचीं उत्तरेंही फारशीं निराळीं नव्हतीं. म्हणून त्या संस्थेनें २००३ सालीं लहान मुलांकरितां इंजिनियरीचा एक अभ्यासक्रम हातीं घेतला. नुकतेंच लिहूंवाचूं लागलेल्या मुलांस हा विषय कसा शिकवावा, आणि मुळांत तो कां शिकवावा, याचा थोडा विचार येथें करूं.

'इंजिनियर' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा मूळ अर्थ अंगची बुद्धि किंवा कल्पकता असा आहे. शास्त्रज्ञ सृष्टींत जें आहे तें तसें कां आहे, याचा शोध करतो. इंजिनियर जें नाहीं पण हवें आहे, तें हाताशीं असलेल्या सामानांत, पैशांत व वेळांत कसें करावें, याचा शोध करतो. आपल्या इकडील एक उदाहरण घ्या. पुण्याजवळील खडकवासल्याच्या धरणांत अधिक पाणी सांठवावयाचें होतें, पण भिंत उंच करावयाची नव्हती. पुण्याच्याच कॉलेजांत शिकलेल्या विश्वेश्वरय्या यांनीं सांडव्यावर अशीं दारें योजिलीं कीं, पाणी ठराविक उंचीपर्यंत चढेतों तीं बंद राहावीं आणि त्याहून अधिक चढलें म्हणजे आपोआप उघडावीं. १९०३ सालीं तीं तेथें बसविण्यांत आलीं. भिंत तीच, पाणी मात्र अधिक! अडचणीच्या चौकटींत राहून अशी वाट काढणें, हेंच इंजिनियराचें खरें काम होय.

बोस्टनच्या अभ्यासक्रमांत या कामाच्या पांच पायऱ्या सांगितल्या आहेत: विचारा, कल्पना लढवा, योजना आंखा, बनवा व सुधारा. पांचवी पायरी संपली कीं पुन्हां पहिलीवर यावयाचें असतें. लहान मुलास या पायऱ्या पाठ करावयास लावण्यांत अर्थ नाहीं. त्या त्याच्या हातून चढवून घेतल्या पाहिजेत.

त्यासाठीं महागडें सामान लागत नाहीं. पुस्तकांच्या दोन चळती वीतभर अंतरावर ठेवा आणि त्यांवर वहीचा एक कोरा कागद आडवा घाला. झाला पूल! मध्यभागीं एक नाणें ठेवतांच तो वांकेल, आणि आणखी एकदोन ठेवलींत तर खालीं येईल. आतां अट अशी कीं, दुसरा कागद घ्यावयाचा नाहीं, डिंक लावावयाचा नाहीं. पण याच कागदानें पुष्कळ नाणीं पेललीं पाहिजेत. मग पाहा मुलांची धांदल! कोणी घडी घालील, कोणी सुरळी करील, कोणी दोन कडा वर दुमडील. शेवटीं कोणास तरी पंख्यासारख्या चुण्या पाडण्याचें सुचेल. या चुण्या एका चळतीकडून दुसरीकडे जाणाऱ्या हव्यात. उलट दिशेनें पाडल्यास कागद अधिकच लवकर मिटतो. ही चूक एकदां झालीच पाहिजे, म्हणजे दिशेचें महत्त्व कायमचें ध्यानांत राहतें.

कागद तोच असतां त्यास बळ आलें कोठून? लांकडाची एक पट्टी घ्या. ती २४ मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड आहे असें समजा. आडवी धरून मध्यें दाबली तर ती सहज लवते. तीच उभ्या कडेवर धरून दाबली तर लवत नाहीं. तिचा ताठपणा ६४ पट होतो. रुंदी कायम ठेवून उभी जाडी दुप्पट केली असतां ताठपणा आठपट होतो, असा नियम आहे. चुण्यांमुळें कागदाचे भाग असे उभे राहतात, म्हणून तो वजन पेलतो. छपराचा पन्हळी पत्रा, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आंतील नागमोडी थर, सुताराने उभी घातलेली तुळई, या सर्वांत हेंच तत्त्व आहे. एकदां हें कळलें कीं, घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर मुलास तें जागोजाग दिसूं लागतें.

मुलाचा पहिला पूल पडणारच, आणि तो पडूं दिला पाहिजे. स्कॉटलंडांतील टे नदीवरचा रेल्वेचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं वादळांत कोसळला. त्यावरून चाललेली गाडी नदींत गेली. एकही उतारू वांचला नाहीं. वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा हिशेब धरलेला नव्हता, ओतकाम सदोष होतें व देखभालही नीट झाली नव्हती, असें चौकशींत आढळलें. त्याच इंजिनियरानें फोर्थ खाडीसाठीं केलेला आराखडा तेव्हां सोडून देण्यांत आला, आणि फाउलर व बेकर या दोघांनीं नवा पूल रचिला. ४ मार्च १८९० रोजीं तो खुला झाला. त्यावरून आजही गाड्या धांवतात.

त्याची रचना लोकांस समजावी म्हणून बेकर यांनीं १८८७ सालीं माणसांचाच पूल करून दाखविला. दोघे खुर्च्यांवर हात पसरून बसले. त्यांच्या हातांतील काठ्या खुर्चीच्या बैठकीशीं टेकलेल्या होत्या, बाहेरच्या बाजूंस विटांचें वजन बांधलें होतें, आणि मधोमध टांगलेल्या फळीवर एक जपानी इंजिनियर बसला होता. हातांना ओढ लागते व काठ्यांवर दाब येतो, हें पाहणारास सहज समजलें. शिक्षकांच्या देखरेखीखालीं हा प्रयोग कोणत्याही वर्गांत करतां येईल. टेबलावरचा पूल पडला तर एक कागद जातो. नदीवरचा पडला तर माणसें जातात. म्हणून पडण्याचा अभ्यास टेबलावर व लहानपणींच झालेला बरा.

आतां पालकांस एक विनंति. लेखणीचें काम प्रतिष्ठेचें आणि हातोडीचें हलकें, ही आपल्याकडील समजूत फार जुनी आहे. मुलानें खिळा ठोकला कीं आपण त्यास 'मोडतोड पुरे, अभ्यासाला बस' म्हणतों. मुलीच्या हातीं तर हातोडी जाऊंच देत नाहीं. उलट प्रदर्शन जवळ आलें म्हणजे वडील स्वतःच रात्र जागून सुबक प्रतिकृति तयार करतात. तिला बक्षीस मिळतें, पण मुलाच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. त्यापेक्षां मुलामुलींस सुताराच्या, लोहाराच्या दुकानीं न्या, आणि 'हें असेंच कां केलें?' असें त्यांना आदरानें विचारूं द्या. घरीं केलेला पूल पडला तर तो तुम्हीं नीट करूं नका. तीन प्रश्न तेवढे विचारा: तो कोठें मोडला? कां मोडला? आतां एकच गोष्ट बदलावयाची तर कोणती बदलशील? मिळालेलीं उत्तरें व पेललेल्या नाण्यांची संख्या वहींत लिहावयास सांगा.

सर्वच मुलें इंजिनियर होणार नाहींत, आणि व्हावींत असेंही नाहीं. परंतु मोडलेल्या वस्तूपाशीं शांतपणें बसून 'ही कोठें मोडली?' असें विचारण्याची संवय वैद्यास, शेतकऱ्यास, गृहिणीस व शिक्षकास सारखीच उपयोगी पडते. तिचा ओनामा एका कोऱ्या कागदावर होऊं शकतो, आणि तो कागद प्रत्येक दप्तरांत आहे.